रेफरीचा हात धरला म्हणून

पावस, ता. १८ ऑगस्ट १९३४

चिरंजीव भिकाजी यास मामाचे आशीर्वाद, पण या खेपेस जरा हात आखडून.

परवा संध्याकाळी आम्ही दहा-बाराजण मास्तरांच्या ओटीवर बसलो होतो. रत्नागिरीचं साप्ताहिक आलं की मास्तर मोठ्याने वाचतात आणि आम्ही ऐकतो, हे तुला ठाऊक आहे. भाताचे भाव झाले, कलेक्टरसाहेबांचा दौरा झाला, आणि मग मास्तरांनी वाचलं : ‘मुंबईतील फुटबॉल सामन्यात गौतमी क्लबच्या दादू महिपत नामक खेळाडूने रेफरीसाहेबांचे अंगावर हात टाकून त्यांस चिखलात पाडिले. बंदरावरील दांडगाईस खेळ म्हणावे काय, असे एका इंग्रजी पत्राने विचारिले आहे व ते रास्तच आहे.’ मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. सगळ्या ओटीने पाहिलं. धाकूने तर तंबाखू मळायची थांबवली.

मी बावीस वर्षं आगबोटीवर इंजिनाला तेल घातलं. कराचीपासून लिव्हरपूलपर्यंत प्रत्येक बंदरात उभा राहून फुटबॉल पाहिला. गडी एकमेकांना लाथा घालताना पाहिले, शिव्या देताना पाहिले, पण पंचाच्या अंगाला हात लावलेला पाहिला नाही. आणि ते करायला माझाच मुलगा निघावा. तुझी मामी दोन दिवस जेवलेली नाही. मी जेवलो, पण अन्न गोड लागलं नाही.

तू आणि दादू गावकीच्या एकाच खोलीत राहता. तू क्लबाचा सेक्रेटरी म्हणवतोस. तेव्हा मला एकच सांग, त्याने मारलं की नाही? मारलं असेल तर गणपतीला त्याने या घरात पाऊल टाकू नये. पाट मी एकटा डोक्यावर घेईन आणि आरत्याही मी एकटा म्हणेन. थापा मारू नकोस. तू थापा मारायला लागलास की तुझं अक्षर नको तितकं सुंदर येतं.

तुझा मामा
महिपत


मुंबई, ता. २५ ऑगस्ट १९३४

तीर्थरूप महिपतमामा, तुमच्या पायांवर डोकं ठेवून सांगतो, दादूने मारलेलं नाही.

पावसाळ्याच्या बोटी बंद आहेत, टपाल घाटावरून फिरून येतं, तोवर खोटं तुमच्याकडे आधी पोचलं. आता खरं ऐका. सेमीफायनल होती, समोर गोदीतल्या साहेब लोकांची कंपनी टीम. त्यांच्या पायांत बूट, आपले पाय उघडे. पाऊस असा लागला होता की मैदानात भाताची लावणी करून घ्यावी. शेवटच्या दहा मिनिटांत आपल्या टीममधल्या बाळाने बॉल मारला. तो खांबाला आतून लागला आणि रेषेच्या मागे हातभर आत चिखलात रुतला. त्यांच्या गोलकीपरने तो पायाने ओढून बाहेर काढला. रेफरी तेव्हा मैदानाच्या मध्यावर दम खात उभा होता. तिथूनच त्याने हात हलवला, गोल नाही.

आम्ही सगळे ओरडलो. दादू ओरडला नाही. तो चालत गेला, रेफरीचा हात धरला आणि म्हणाला, “सायेब, चला, हितं बघा. बॉल रुतल्याची खूण हाय.” असं म्हणून तो त्याला गोलाकडे न्यायला लागला. साहेबाने हात हिसडला, त्याचा पाय सटकला आणि तो चिखलात बसला. एवढाच काय तो मार. दादूला मैदानाबाहेर काढलं, आणि आपण एका गोलने हरलो.

मामा, हे आजचं नाही. हाच रेफरी सामना झाल्यावर कंपनीच्या तंबूत चहा पितो, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. गेल्या वर्षीचा रेफरी आपल्याला पेनल्टी द्यायचाच नाही. त्याच्या आधीचा तर आपला बॉल नुसता पुढे सरकला तरी ऑफसाइड म्हणायचा. आणि ते इंग्रजी पत्र! आपण जिंकलो की ‘कंपनीचा दिवस वाईट होता’, आपण हरलो की ‘खेळाचा विजय झाला’. त्यांचा बातमीदार पावसाला भिऊन त्याच तंबूत बसला होता. आजवर आपल्या एकाही गड्याचं नाव त्याने धड लिहिलं नाही. या वेळी दादूचं मात्र बिनचूक लिहिलं. आम्ही सहाजण त्यांच्या कचेरीत गेलो. लेखी द्या म्हणाले, लेखी दिलं. दुसऱ्या दिवशी त्या जागी कुत्र्यांच्या प्रदर्शनाची बातमी आली, फोटोसकट.

दादूला घरात घ्या. मामीला जेवायला सांगा. बाकी किरकोळ आहे, ते निस्तरेल.

आपला भाचा
भिकाजी


पावस, ता. ३१ ऑगस्ट १९३४

चिरंजीव भिकाजीस भरघोस आशीर्वाद, मागच्या पत्रात राखून ठेवलेलेही यात घाल.

तुझं पत्र वाचून मी इतका हसलो की मामी चुलीपासून उठून बघायला आली. हात धरला! अरे, त्या साहेबाला काय कळणार? आपल्याकडे बांधाचा तंटा झाला की काय करतात ते तू मुंबईला लहानपणीच गेलास म्हणून विसरला असशील. ज्याचं गाऱ्हाणं असेल त्याने पंचाचा हात धरायचा, त्याला बांधावर न्यायचं आणि त्याचा तळवा हद्दीच्या दगडावर ठेवायचा. पंच आपणहून गेला तर लोक म्हणतात, याने निकाल घरूनच ठरवून आणला. हात धरून नेला तर तो त्याचा मान. माझा आणि धाकूचा तंटा झाला तेव्हा तुझ्या आजोबांनी गावकाराचा हात असाच धरला होता, आणि दादू माझ्या खांद्यावर बसून बघत होता. मुलगा पंचाला मान द्यायला गेला आणि पंच समजला की मारायला आला. दादूला वाटलं सगळीकडचा पंच सारखाच. चुकला, पण घरचं वळण विसरला नाही.

मी तुझं पत्र मास्तरांच्या ओटीवर दोनदा मोठ्याने वाचलं, दुसऱ्यांदा जरा हळू, म्हणजे सगळ्यांना नीट लागावं. मास्तर भले माणूस, त्यांनी त्याच बैठकीत साप्ताहिकाला खुलासा लिहिला. संपादकाचं उत्तर आलं, ‘स्थलाभावी छापता येत नाही.’ खोटं छापायला अर्धा रकाना आणि खरं छापायला जागा नाही. धाकू म्हणाला, “मास्तर, माजा बांध कवा पेपरात छापू नुको हां. तो पन सरकंल.”

माझा राग आता तुझ्यावरून उतरून पेपरवाल्यांवर गेला आहे. तरी एक सांगतो. तुझ्या पत्रावरून असं दिसतं की आजवर या पृथ्वीवर एकही सरळ रेफरी जन्मला नाही, आणि जन्मलाच असला तर तो नेमका आपल्या सामन्याला येत नाही. सगळेच आपल्यावर दात धरून कसे रे?

आणि ते ‘किरकोळ’ काय आहे? ‘निस्तरेल’ हे अक्षर फार सुंदर आलं आहे. मला शेपूट दिसतं आहे, म्हैस कुठे बांधली आहेस ते लिही.

महिपत


मुंबई, ता. ६ सप्टेंबर १९३४

तीर्थरूप मामा, तुमच्यापासून काही लपत नाही, तेव्हा लिहूनच टाकतो.

लीगच्या कमिटीने दादूला कागद पाठवला आहे. इंग्रजीत टाइप केलेला आहे, आमच्या साहेबाच्या कारकुनाकडून अर्थ लावून घेतला. ‘मी रागाच्या भरात रेफरींस मारिले व पाडिले, याची मला शरम वाटते, क्षमा असावी.’ खाली दादूने सही करायची. केली तर त्याला एका महिन्याची बंदी आणि प्रकरण मिटलं. नाही केली तर दादूला जन्माची बंदी आणि गौतमी क्लबचं नाव लीगमधून कमी. महिनाअखेरची मुदत आहे.

खोलीत मीटिंग झाली. बहुतेकांचं मत पडलं की सही करावी. माझंही तेच आहे. तुम्ही रागवाल, पण आमची बाजू ऐका. सहा दिवस आम्ही गोदीत पोती उचलतो. तिथे आम्हाला नाव नाही, ‘ए रत्नागिरी’ अशी हाक मारतात. रविवारी मैदानात उतरलो की हजार माणसं ‘गौतमी, गौतमी’ म्हणतात. आपल्या गावच्या नदीचं नाव मुंबईच्या मैदानात घेतात, मामा. सहा वर्षं भिजून आम्ही तेवढं मिळवलं. क्लब गेला तर रविवारचे आम्ही कोण? खोटं आहे हे आम्हालाही कळतं. पण एकाच्या सहीने अकराजण मैदानात राहतात.

दादू भांडत नाही, रागावतही नाही. विचारलं की एवढंच म्हणतो, “मी मारलंय नाय.” कागद घडी करून खिशात ठेवला आहे. तो गणपतीला पहिल्या बोटीने येतो आहे. माझं ऐकत नाही, पण तुमचा शब्द मोडणार नाही. तेव्हा तुम्ही त्याला सांगा.

भिकाजी


पावस, ता. १९ सप्टेंबर १९३४

चिरंजीव भिकाजीस आशीर्वाद.

खोलीतल्या सगळ्यांना समोर बसव आणि हे पत्र मोठ्याने वाच.

दादू गणपतीच्या दोन दिवस आधी आला. चाकरमानी आले की गाव भरतं, तसं भरलं. घरोघर आरत्या झाल्या, आमच्याकडे भजन झालं, दादूने मृदंग वाजवला. मी तो विषय काढला नाही. खोटं कशाला बोलू, तुझं पत्र वाचून माझं मनही सहीकडे झुकलं होतं. ‘रविवारचे आम्ही कोण’ हे वाक्य मला लागलं. मीही इंजिनखान्यात बावीस वर्षं नुसता ‘तेलवाला’ होतो.

गणपती पोचवून नदीवरून परत येताना मी त्याला म्हटलं, “सही करून टाक बाबा. एका वळीनं काय हुतंय?”

दादू वाटेतच थांबला. मग म्हणाला, “मी मारलं असतं तर पयल्याच दिवशी सही केली असती. पेपरात आलं ते अजून खोटं हाय. मी सही केली की ते खरं हुतंय. मग तुमी मास्तरांच्या वटीवर काय वाचनार? आनि बाळाचा तो गोल, तो पन गेला. मारनाऱ्याच्या क्लबाचा गोल कोन खरा मानतंय?”

मी बापाच्या अधिकाराने दटावू शकलो असतो, पण तो बरोबर बोलत होता आणि मी चुकीचं, हे मला तिथल्या तिथे कळलं. मी त्याच्याकडून तो कागद मागून घेतला आणि नदीत सोडला. हे मी केलं आहे, दादूने नाही, असं कमिटीला खुशाल कळव.

आता तुमच्याकडे वळतो. सहा वर्षं तुम्ही ओरडताय, रेफरी खोटा, पेपर खोटा, कमिटी खोटी. आणि जेव्हा त्यांनी सांगितलं की आता तुम्हीही खोटं लिहा, तेव्हा मीटिंग भरवून हो म्हणालात. ओरडायला वाघ आणि सहीला शेळी. त्यांना आपलं नाव कापायचं तर त्यांच्या कात्रीने कापू देत. आपण कात्री धार लावून द्यायची नाही. हे सगळे गडी माझी मुलं आहेत असं समजून लिहितो आहे. राग आला तर शिमग्याला या आणि तोंडावर बोंब मारा.

महिपत


मुंबई, ता. ४ ऑक्टोबर १९३४

तीर्थरूप मामा, पत्र वाचलं. ‘शेळी’पर्यंत आलो आणि शिवा गोलकीपर उठून बाहेर गेला. आम्हाला वाटलं रागावला. तो खाली जाऊन विडी ओढून आला आणि म्हणाला, “म्हाताऱ्याचं बराबर हाय.”

मी आणि दादू कमिटीसमोर उभे राहिलो. तिथल्या साहेबाने सौम्य आवाजात विचारलं, सही का नाही? दादूने सांगितलं, मी मारलेलं नाही, हात धरला, त्याबद्दल पाहिजे तर माफी मागतो. हे मी इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला, पण माझं इंग्रजी वखारीच्या दारापर्यंतचं. ते म्हणाले, हात धरणं आणि मारणं एकच. आम्ही म्हटलं, एक नाही. पाच मिनिटांत क्लबचं नाव कापलं. इंग्रजी पत्राने लिहिलं, ‘मैदान स्वच्छ झाले.’

पुढच्या रविवारी काय करावं ते कळेना. चाराच्या सुमारास सगळेजण सवयीने मैदानाकडे चालायला लागलो. दुसऱ्याच दोन टीमांचा सामना चालू होता. आम्ही कडेला जाऊन उभे राहिलो, धोतरं नेसलेली, हात रिकामे. प्रेक्षकांतल्या कुणीतरी दादूला ओळखलं आणि हाक मारली, “गौतमी!” मग शेजारचा ओरडला, मग सगळी बाजू. त्यात गिरणीवाले होते, घाटावरचे होते, आपल्याला एरवी शिव्या घालणारेही होते. रेफरीची शिट्टी कुणाला ऐकू जाईना, सामना थोडा वेळ थांबला. दादूने मान खाली घातली. मी घातली नाही. मामा, मी रडलो, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

क्लब मोडायचा नाही असं ठरलं आहे. लीग नसेल तर आपली स्पर्धा आपण भरवू, शिमग्याला, पावसात. म्हणजे पाऊस पडतो त्यात नव्हे, आपल्या गावात. जागा तुम्ही बघा.

भिकाजी


पावस, ता. २७ मार्च १९३५

चिरंजीव भिकाजीस आशीर्वाद. तुला रजा मिळाली नाही म्हणून सगळं लिहितो. आधीच सांगतो, फायनल आपण हरलो. आणि का हरलो ते ऐक.

भात कापल्यावर धाकूचे आणि माझे शेताचे कुणगे मोकळेच होते. मधला बांध आम्ही दोघांनी मिळून सपाट केला, पावसाआधी पुन्हा घालायचा या बोलीवर. गोलाला मेसकाठीचे बांबू रोवले. चार टीमा आल्या. हर्ण्याचे कोळी मचवा करून आले, येताना सुक्या मासळीची टोपली घेऊन. फायनलला तेच आपल्यासमोर आले.

रेफरी कोण, यावर सकाळपासून घोळ. मास्तर म्हणाले मला शिट्टी वाजवता येत नाही. रत्नागिरीहून एक वकील येणार होते, ते आले नाहीत. दादूचा गुडघा आदल्या दिवशी दुखावला होता, तो खेळणार नव्हता. तेव्हा हर्ण्याचा म्होरक्या म्हणाला, “दादूलाच शिट्टी द्या. तुमच्या गावचा असला तरी चालंल. त्याची गोष्ट आमी हर्ण्यात ऐकलीय. जो खोटी सही करत नाय, तो खोटी शिट्टी काय मारंल?” माझी छाती फुगली. आता वाटतं, उगाच फुगली.

हर्णेकरांचा एक गोल झाला. मग आपली मुलं जीव तोडून खेळली. शेवटी शेवटी बाळाने बॉल मारला, बांबूला लागला, खाली पडला आणि त्यांच्या गड्याने उडवला. सगळं गाव उठून नाचायला लागलं. दादू त्या वेळी बांबूपासून चार हातांवर उभा होता. त्याने मान हलवली. बॉल रेषेवर पडला, आत नाही. गोल नाही.

भिकाजी, मी पासष्ट वर्षांचा माणूस, धोतराचा सोगा खोचून मैदानात धावत गेलो. त्याला काय काय बोललो ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. मागून लोक ओरडत होते, हर्णेकरांनी याला सुके बांगडे चारले. तुझ्या मामीने सुद्धा बांधावरून हात ओवाळून काहीतरी सांगितलं. दादू शांतपणे म्हणाला, “बाबा, भायेर व्हा. नायतर खेळ बंद करीन.” मी बाहेर झालो. आपण हरलो.

आता वर आणखी ऐक. मास्तरांनी साप्ताहिकाला वृत्तांत पाठवला आणि या खेपेस संपादकाला लगेच जागा सापडली. ‘रेफरी रा. दादू महिपत यांचे काम निःपक्षपाती झाले.’ सापडलं की नाही खोटं? निःपक्षपाती! मास्तर तिथे झाडाखाली सरबत पीत बसले होते, त्यांना काय दिसलं? सगळे पेपरवाले एका माळेचे मणी. मी खुलासा लिहून पाठवला आहे, छापणार नाहीत हे ठाऊक आहे.

बॉल आत होता. माझ्या डोळ्यांनी मी पाहिला आणि मरेपर्यंत म्हणत राहणार. घरात दादूशी मी दोन दिवस बोललो नाही. तो रोज सकाळी माझ्यासमोर चहा ठेवायचा आणि गुरांकडे जायचा. दुसऱ्या रात्री मामी म्हणाली, “आपल्या पोराला त्या मुंबईच्या सायबाच्या लायनीत बसवलंत तुमी.” मला झोप लागली नाही.

काल हर्णेकर निघाले. मी बंदरावर पोचवायला गेलो, दादूही आला होता, लांब उभा राहिला. म्होरक्या मला म्हणाला, “पुढच्या शिमग्याला सामना आमच्याकडे. तुमचा रेफरी द्याल काय? का अजून राग हाय?” सगळे माझ्याकडे बघायला लागले, आपली मुलंही. मी म्हटलं राग आहे, आणि तो जाणार नाही. मग दादूला हाक मारून जवळ बोलावलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना सांगितलं, येईल. हाच येईल, दुसरा कुणी आम्हाला चालायचा नाही.

तुझा मामा
महिपत